गिरणीवालीच्या माहेरवाशिणी

पाखरं बघायला जावं तर दबक्या पावलांनी जावं आणि बोलावंच लागलं तर कुजबुजावं, असं पक्ष्यांवरच्या पुस्तकांत सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. आमच्या काकूंनी असलं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. वाचलं असतं तरी ते पान त्यांनी फाडून चुलीत सारलं असतं, कारण कुजबुजणं ही गोष्ट त्यांना जन्मात जमलेली नव्हती.

काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. औंढ्याहून पुढे गेलं की धरणाच्या काठाला टेकून एक गाव आहे, तिथल्या शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली. गावात राहायला खोली मिळेना. कुणीतरी म्हणालं, पिठाच्या गिरणीमागं एक खोली रिकामी आहे, विचारून बघा. मी गेले तेव्हा गिरणी चालू होती. पट्टा धडधडत होता, हवेत पिठाचा धुरळा होता आणि त्या धुरळ्यात भुवयांपर्यंत पांढरी झालेली एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई डब्यात पीठ भरत होती. मी विचारलं, "खोली आहे का हो?"

"हाय की! काहून नसंल! आत या, बाहीर काहून उभ्या राहिल्या?"

हे वाक्य लिहून दाखवलं की प्रेमळ वाटतं. ऐकलं तेव्हा मी दोन पायऱ्या मागं उतरले होते. दळण घेऊन बसलेल्या एका म्हातारीनं माझा हात धरला. "भिऊ नका म्याडम," ती म्हणाली. "चिडल्या न्हाईत त्या. चिडल्या की गप बसतेत."

लग्न होऊन या गावात आल्यापासून काकूंचं आयुष्य गिरणीच्या आवाजावर मात करून बोलण्यात गेलं होतं. नवरा गेल्यावर गिरणी त्यांनी एकट्यानं चालवली. कान थोडे गेले होते, आवाज मात्र जाम शाबूत होता. गिरणी बंद असो की चालू, देऊळ असो की बाजार, त्यांची पट्टी एकच. मयताच्या घरी त्या सांत्वनाला गेल्या की सगळ्या गल्लीचं सांत्वन होऊन जाई.

तर अशा बाईला पाखरांचं वेड होतं. थंडीत गिरणीची लाईट उशिरा यायची, त्यामुळे सकाळ मोकळी. दिवाळी सरली की काकू डोक्याला मफलर गुंडाळून, त्यावरून पदर घेऊन, पायांत नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट चढवून धरणाकडं निघत. मी राहायला आले त्याच थंडीत एका पहाटे माझ्या दाराची कडी वाजली आणि पाठोपाठ हाक आली, "म्याडम, पाखरं बगायला यायचं का?" मी जागी झालेच, समोरच्या घरातले चौघं आणि त्यांची शेळीही जागी झाली. घरमालकिणीला नाही कसं म्हणायचं, म्हणून मी गेले. पुढच्या थंड्यांत मीच त्यांच्या आधी तयार होऊन ओट्यावर बसू लागले, तो भाग वेगळा.

त्या दिवशी धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, नुसतं पाणी आणि पाणी. काठाला एक चाचा भेटले. पाण्यालगत त्यांचं शेत होतं. ते पाण्याकडं बघत म्हणाले, "दर्या हाय म्याडम, आपला दर्या. बंबईवाल्यांना सांगा." मी हसले. तेवढ्यात चिखलात मला एक लांब पायांचा पक्षी दिसला, आणि मी शिकल्यासवरल्या माणसासारखी कुजबुजले, "काकू, ते बघा, शेकाट्या." शेकाट्या उडून गेला.

"आता कसं," काकू गरजल्या. "हळू काहून बोलून राहिल्या तुमी? पाखराला मोठ्या आवाजाचं भ्या नसतंय, दबक्या आवाजाचं असतंय. हळू कोण बोलतंय? चोर बोलतो, न्हाईतर सोयरीक मोडणारा."

त्यांचं म्हणणं खरं की खोटं, मला आजही सांगता येणार नाही. पण त्या ओरडत काठानं चालत आणि बदकं, बगळे, टिटव्या जागच्या हलत नसत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. रोज तोच आवाज, त्याच वेळी, आणि त्या आवाजानं कधी कुणाचं वाईट केलेलं नाही. सवय म्हणा. आमच्या शाळेतली मुलंही मी ओरडले की अशीच ढिम्म बसायची, पण त्याचं मला कधी कौतुक वाटलं नाही.

पाखरांची नावं काकूंना फारशी येत नव्हती आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. त्यांची आपली गिरणीची वर्गवारी होती. गवत-दाणे खाणारी ती जाडं दळण. चिखलात टोचून किडे वेचणारी ती बारीक दळण. चोच पाण्यात डावी-उजवी फिरवणारा चमचा हा चाळणीवाला. पाणकावळा पंख पसरून उन्हात बसला की म्हणत, "बगा, पट्टा वाळवून राहिला." मी पुस्तक काढून दाखवायचे, की काकू, हे बदक आणि ते बदक एकच आहे, हा नर आणि ती मादी. त्या चित्राकडं बघत, मग बदकांकडं बघत आणि म्हणत, "व्हय का? पर दोघं येगळे येगळे बसलेत. भांडण झालं असंल." चक्रवाकाला त्या शेवटपर्यंत कोंबडा म्हणायच्या. पुस्तक त्यांनी एकदाच हातात घेतलं, मागंपुढं करून पाहिलं, आणि पिठाची पाच बोटं उमटवून परत दिलं. ती अजून आहेत.

शिवाय त्या पाखराकडं कधी बोट करू देत नसत. वेलीवरच्या कोवळ्या काकडीकडं बोट दाखवलं की ती कुजते, म्हणून बोट मुडपून दाखवायचं, हे मला माहीत होतं. काकूंनी तो कायदा पाखरांना लावला होता. सरळ बोट दाखवलं की पाखरू गेलंच, पुन्हा त्या काठाला येत नाही. त्यामुळे त्या मुठीचं मुडपलेलं बोट पुढं करत. मुडपलेल्या बोटावरून तीन दिशांना काहीही असू शकतं. मी विचारायचे, कुठे, कुठे? त्या सांगायच्या, "चाच्याच्या मोटरीच्या पेटीवरून सरळ जा, मग ती रांड म्हैस सोडा, मग बगा." तोवर पाखरू गेलेलं असे आणि म्हैस माझ्याकडं बघत असे.

काठाला पाखरंच भेटायची असं नाही. एकदा उजाडता उजाडता एक कोल्हा शेतातून घराकडं निघालेला समोर आला. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आता येऊन राहिला व्हय? रातभर कुठं उलथला होता?" कोल्हा खरंच थांबला. मान खाली घालून त्यानं ऐकून घेतलं आणि मग तुरीत शिरला. काकू मला म्हणाल्या, "बापाच्या वळणावर गेलाय." त्याचा बाप त्यांना कुठे भेटला होता, हे मी विचारलं नाही.

पण हे सगळं तोंडी लावणं. त्यांचा खरा जीव होता तो एका जातीवर. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले, राखी रंगाचे मोठे हंस थंडीत धरणावर उतरतात. पुस्तकात त्यांना पट्टकादंब म्हणतात. काकू त्यांना माहेरवाशिणी म्हणत. नर-मादी असा भेद नाही, सगळ्या माहेरवाशिणीच. मी त्यांना सांगितलं, की हे पक्षी हिमालयाच्या पलीकडून येतात, इतक्या उंचावरून की तिथं माणसाला श्वास घेता येत नाही. काकूंनी पाण्यावरच्या कळपाकडं पाहिलं.

"लई लांब दिलं म्हणायचं बिचाऱ्यांना," त्या म्हणाल्या.

माहेरवाशिणी का, हे मला पुढं कळलं. काकूंचं माहेर त्या पाण्याखाली होतं. धरण झालं तेव्हा त्या लहान होत्या. गाव उठलं, कुणी परभणीकडं गेलं, कुणी कुठं. या गावात लग्न होऊन त्या आल्या ते माहेराच्या काठालाच आल्या म्हणायच्या, पण जायला माहेर उरलं नव्हतं. हे त्यांनी मला रडतबिडत सांगितलं नाही. गव्हाचं दळण टाकता टाकता ओरडून सांगितलं, शेजारी चौघी ऐकत होत्या. "मला काय जाता येईना. त्या तर येऊन राहिल्या. कुनीतरी यावं की तिथं."

शिमग्याच्या सुमाराला हंस परत निघायच्या बेतात आले, की काकू सुपात तांदूळ, हरभरे, हळदकुंकू घेऊन काठाला जात आणि पाण्यालगत ओंजळ रिकामी करत. माहेरवाशीण ओटी भरल्याशिवाय पाठवायची नसते. विधवेनं ओटी भरावी का, असं गावात कुणी बोललं असेलही. काकूंच्या कानावर ते आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांना माझं कपाळ दिसत न्हाई. हरभरे दिसतेत."

आता या हरभऱ्यावरूनच सगळं झालं. थंडीत धरणाचं पाणी मागं सरकतं तशी काठची काळी, गाळाची जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. ओलीवर हरभरा टाकला की नांगरट नको, पाणी नको, आपोआप येतो. चाचांचं शेत गाळपेरावर होतं, आणखी पाच-सहा जणांचं होतं, काकूंचाही एक तुकडा होता. आणि हंसाला काय आवडतं, तर कोवळा हरभरा. माझ्या तिसऱ्या थंडीत हंस नेहमीपेक्षा पुष्कळ आले. पहाटे पाण्यातून उठायचे, शेतात उतरायचे आणि माना खाली घालून पट्टेच्या पट्टे साफ करायचे.

एका सकाळी गिरणीपुढं माणसं गोळा झाली. हातात डबे नव्हते. शेजाऱ्याची गाय रानात शिरली की माणसं जशी गायीच्या मालकाकडं जातात, तशी ती आली होती. चाचा पुढं होते.

"भाभी," चाचा म्हणाले, "तुमच्या पोरी आल्या, बसल्या, खाऊन गेल्या. मेहमान हाईत, मंजूर हाय. पर रोज रोज मेहमान? माझ्या लेकरांनी काय खायाचं?"

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, बाबांनो, रानातली पाखरं, माझा काय संबंध? मी तर तोंड उघडलंच होतं तसं सांगायला. पण काकूंनी मला हातानं गप केलं. इतकी वर्षं त्या गावाला ओरडून सांगत होत्या, की या माझ्या आहेत. गावानं ते हसत हसत मान्य केलं होतं. आता लेकी म्हणायचं तोंडानं आणि निस्तरायची वेळ आली की कानावर हात ठेवायचे, हे त्यांना जमणारं नव्हतं.

"बराबर हाय तुमचं," त्या म्हणाल्या.

मागून एक तरणा शेतकरी पुढं आला. नवं लग्न झालेला, पहिल्यांदाच स्वतः गाळपेर केलेला. रात्रभर राखण करून त्याचे डोळे लाल झाले होते. "बराबर म्हणून काय होतंय काकू? म्या उद्या थिमेट टाकून राहिलो. हरभऱ्याला चोळतो अन् फेकतो काठाला. एकदाची कटकट जाईन."

थिमेट म्हणजे जहर. काकूंनी हात लांब करून गिरणीचं बटण बंद केलं. पट्टा थांबला. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या त्या पोराकडं बघत राहिल्या. गिरणीपुढं एवढी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. त्या पोरानं मान खाली घातली आणि चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"थिमेट टाकू नका," काकू शेवटी बोलल्या. "उद्यापासून तुमच्या रानात एक पाखरू बसणार न्हाई. माझी जबान हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्याबरोबर गेले. चाचांच्या शेतात हंस उतरलेले होते, राखी पाठी आणि खाली गेलेल्या माना, सगळं शेत भरून. काकू बांधावर उभ्या राहिल्या. रोज त्या इथं उभ्या राहून त्यांची विचारपूस करत, काल कुठं गेलता, ही नवी कोण, हिचा पंख असा काहून. आज नुसत्याच उभ्या होत्या. मग त्यांनी श्वास घेतला आणि ओरडल्या, "उठा! उठा गं! ऊठ म्हणून राहिले न्हवं!"

एकीनंही मान वर केली नाही. आवाज ओळखीचा होता.

काकू पुन्हा ओरडल्या. दोघीतिघींनी वर पाहिलं आणि पुन्हा खायला लागल्या. मग काकूंनी पदर कमरेला खोचला, खाली वाकून ढेकूळ उचललं आणि भिरकावलं. दुसरं उचललं. ओरडत, ढेकळं फेकत त्या हरभऱ्यातून धावत सुटल्या, त्या मोठाल्या बुटांत, त्या वयात. तेव्हा कुठे कळप उठला. केवढा आवाज झाला तो! हंस डोक्यावरून पाण्याकडं गेले. काकू शेताच्या मधोमध उभ्या होत्या आणि हातात अजून एक ढेकूळ होतं.

मी जवळ गेले. त्या बांधावर येऊन बसल्या, बुटातली माती झटकली. "भरल्या ताटावरून उठवलं म्याडम," त्या म्हणाल्या. "लेकीला."

मी त्यांना म्हटलं, काकू, ते गवत खातील, काठाला गवत भरपूर आहे, उपाशी नाही मरणार. त्यांनी मान हलवली. समजलं होतं त्यांना. पण समजल्यानं काही सोपं होत नाही.

संपूर्ण थंडी त्या रोज गेल्या. चाचांचं शेत, त्या पोराचं शेत, सगळ्यांची शेतं. आधी ढेकळं लागायची, मग नुसता आवाज पुरू लागला, मग तर त्या गावाच्या टोकाला खोकल्या तरी हंस उठायचे. थिमेट कुणी टाकलं नाही. हरभरा वाचला. घाटे भरले तेव्हा तो तरणा पोरगा ओल्या हरभऱ्याच्या ढाळ्यांची मोठी जुडी घेऊन गिरणीवर आला, मुकाट्यानं पायरीवर ठेवून गेला. काकूंनी ते ढाळे सगळ्या गल्लीत वाटले, मलाही दिले. स्वतः एक घाटा सोलला नाही. "त्यांच्या तोंडचा हाय तो," म्हणाल्या.

पुढच्या थंडीत हंस पुन्हा आले. कळल्याबरोबर काकू माझं दार वाजवून, समोरची शेळी उठवून काठाला निघाल्या. पाण्यापासून आम्ही अजून लांब होतो, बाभळीपाशी. काकू उत्साहानं मला म्हणाल्या, "बगा म्याडम, आल्या का न्हाई?" तेवढंच वाक्य. अख्खा कळप पाण्यावरून उठला आणि पलीकडच्या काठाला जाऊन बसला. बदकं हलली नाहीत. बगळे हलले नाहीत. फक्त त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग काकूंनी ठरवलं, गप बसून बघायचं. पदराचा बोळा तोंडावर दाबून त्या बाभळीखाली बसल्या. मला हसू येत होतं आणि आतून भडभडूनही येत होतं. हंस हळूहळू अलीकडं सरकले. आणि नेमकी चाचांची म्हैस हरभऱ्यात शिरली. काकूंचा हात तोंडावरून कधी निघाला त्यांनाही कळलं नाही. "आगं ए भवाने!" म्हैस बाहेर आली, हंस पलीकडं गेले. एवढ्या वर्षांची सवय, ती अशी एका थंडीत कुठली मोडायला.

त्या वर्षी काकूंनी आपला गाळपेराचा तुकडा पेरला तो हंसांसाठी. गावाला ओरडून सांगितलं, की हा माझ्या पोरींचा, यात कुणाचं जनावर दिसलं तर याद राखा. हरभरा टरारून आला. आणि हंस त्याच्याकडं फिरकले नाहीत, कारण काकू रोज पहाटे बांधावर जाऊन बघत होत्या, की आले का. चाचांनीच शेवटी तोंड उघडलं.

"भाभी, बुरा मानू नका. तुमी हाईत म्हून त्या येऊन न्हाई राहिल्या. तुमी घरी बसा."

काकू घरी बसल्या. हे मी एका वाक्यात लिहिलं, पण ज्यानं त्यांना थंडीतल्या सकाळी पाहिलंय त्यालाच त्याची किंमत कळेल. लाईट नसलेल्या गिरणीच्या पायरीवर त्या बूट घालून बसायच्या. बूट मात्र घालायच्या. माझी कामगिरी ठरली होती. मी काठाला जायचं, बघायचं, येऊन सांगायचं. पहिले काही दिवस सांगण्यासारखं काही नव्हतं. मग एका सकाळी त्या तुकड्यात मला राखी पाठी दिसल्या. मी धावतच परत आले. तोवर लाईट आली होती, गिरणी चालू झाली होती, डबे रांगेत होते. मला बघून त्यांनी गिरणी बंद केली.

"जेवल्या का?"

"जेवल्या काकू. पोटभर."

"कुनी उठवलं न्हाई न्हवं?"

"कुणी नाही."

"बरं झालं," म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं. पीठ सगळं गालाला लागलं. त्यानंतर रोज हेच. बायका डबे घेऊन खोळंबायच्या, कुरकुरायच्या, पण काकूंचं "जेवल्या का" झाल्याशिवाय गावाचं दळण सुरू व्हायचं नाही. पुढं पुढं तर बायकाच मला वाटेत अडवून विचारू लागल्या, "म्याडम, जेवल्या का? मंग चला लवकर, माझं भाकरीचं पीठ संपलंय."

शिमगा जवळ आला. काकूंनी सूप भरलं आणि माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "काकू, माझं लग्न झालेलं नाही. ओटी मी कशी भरू?"

"तुमचं झालं न्हाई, माझं होऊन सरलं. काय फरक पडतोय? तुमचा आवाज त्यांना ठावा न्हाई, एवढं पुरे हाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "अन् म्हणा, पुढल्या साली या म्हून. हळू म्हणा."

हळू बोला, असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी पाण्यापर्यंत गेले. हंस थोडे सरकले, उडाले नाहीत. मी तांदूळ-हरभरे ओतले, हळदकुंकू वाहिलं आणि कुजबुजून म्हटलं, पुढच्या वर्षी या. मला अगदी चोरासारखं वाटलं. मागं वळून पाहिलं तर लांब, बाभळीच्याही पलीकडं, त्या उभ्या होत्या. पदर दोन्ही हातांनी तोंडावर गच्च दाबला होता.

आणखी एक थंडी मी तिथं काढली. मग माझी बदली झाली, घराजवळ, मी मागितलेली. बदलीचा आदेश हातात आला तेव्हा मला आनंद झाला आणि गिरणीचा आवाज ऐकून तो मावळला. काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चांगलं झालं," आणि दळण टाकलं.

निघायच्या दिवशी सकाळपासून त्या बोलल्याच नाहीत. ज्वारीचं, गव्हाचं पीठ पिशव्यांत भरून दिलं, बोलल्या नाहीत. पाटावर बसवून माझी ओटी भरली, नारळ, तांदूळ, वर त्या तुकड्यातले मूठभर हरभरे, तरी अवाक्षर नाही. चिडल्या की गप बसतात, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बदली मी मागून घेतली हे त्यांना लागलं असणार, असं मी धरून चालले.

फाट्यावर चाचांनी माझं सामान गाडीत चढवलं. काकू गाडीजवळ आल्या नाहीत, रस्त्यापलीकडं लिंबाखाली थांबल्या. चाचा खिडकीशी येऊन म्हणाले, "भाभी सकाळपासून बोलून न्हाई राहिल्या. मी इचारलं, काही तकलीफ हाय का. नुसती मुंडी हलवली."

मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी पदर तोंडावर गच्च दाबला होता. तसं मी त्यांना हंसांच्या ओटीच्या दिवशी पाहिलं होतं, आणि ते राग आल्यामुळे नव्हतं. मला तेव्हा समजलं. ज्या माहेरवाशिणींवर काकू एकदा ओरडल्या, त्या पुन्हा काकूंच्या जवळ आल्या नव्हत्या. मी परत यावं म्हणून ती बाई सकाळपासून तोंड मिटून बसली होती.

गाडी सुरू झाली. मी खिडकीतून अर्धी बाहेर आले आणि त्यांच्याच पट्टीत, जन्मात कधी ओरडले नव्हते तेवढ्या जोरानं ओरडले, "काकू! जाते नाही म्हणत! येते म्हणते! येते!"

पदर खाली आला.

"काय म्हणून राहिल्या?" त्या गरजल्या. "मोठ्यानं बोला की! ऐकू न्हाई येऊन राहिलं!"

"येते!"

"मंग थंडीत या! हरभरा पेरून ठिवते! अन् ते मफलर घाला कानाला, काहून उघडं डोकं बाहीर काढून राहिल्या!"

ऐन उन्हाळा होता. लिंबावरचे कावळे उडाले, झाडाखालची माणसं उठून उभी राहिली आणि गाडी वळेपर्यंत तो आवाज माझ्या मागं येत राहिला. माझ्या शेजारी औंढ्याला दर्शनाला निघालेली एक बाई बसली होती. ती घाबरून खिडकीपासून सरकली आणि माझे भरलेले डोळे बघून हळूच म्हणाली, "भांडण झालं का हो बाई?"

मी तिचा हात धरला. "भिऊ नका," म्हटलं. "चिडल्या न्हाईत त्या. चिडल्या की गप बसतेत."